पाच मायक्रॉनचं डोकं

५ सप्टेंबर १९७९, बुधवार

शंभरात वीस वाकडे, आणि तरी पास!

कामावरून आलो तर मृदुलानं रिपोर्ट हातात ठेवला. मी पहिल्या शिफ्टला असताना ती स्वतः चिंचवड स्टेशनला लॅबमध्ये जाऊन घेऊन आली. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता यांचीही एकदा करून टाकू. यांची म्हणजे माझी. वीर्याची तपासणी! बाटली खिशात घालून बसमधून नेताना वाटत होतं, कंडक्टरलाही कळलंय.

रिपोर्टात लिहिलंय : शुक्रजंतू भरपूर. निम्म्याहून जास्त हलणारे. आकारानं सदोष, शंभरात वीस. आणि खाली शेरा, नॉर्मल.

मृदुला कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. म्हणाली, तुमच्यात दोष नाही, माझ्यात नाही, आता होईल तेव्हा होईल. आणि शिवणमशीनवर जाऊन बसली. निगडीत आल्यापासून आसपासच्या बायकांची ब्लाउजं तिच्याकडेच असतात. आज मशीनचा आवाजसुद्धा हलका वाटत होता.

मी मात्र कागद उलटसुलट करून पाहिला. मी कंपनीत इन्स्पेक्शनला आहे, स्टँडर्ड रूमला. सगळ्या कंपनीची मापं जिथे तपासतात ती खोली. शंभरात दोन तुकडे वाकडे निघाले तरी मी अख्खा लॉट परत पाठवतो. इथे वीस वाकडे आणि नॉर्मल? सही ठोकणाऱ्यानं भिंगाला डोळा तरी लावला होता का? न मोजता सही करणारे मी पायलीला पन्नास पाहिलेत.

६ सप्टेंबर, गुरुवार

कंपनीची गुरुवारची सुट्टी. लॅबमध्ये जाऊन आलो. मृदुलाला सांगितलं, सायकलचं पंक्चर काढायला जातो.

तपासणारा पोरगेला आहे, सुरेंद्र नावाचा. चाकणचा. मृदुलाचं माहेर चाकणचं! त्याची बहीण म्हणे हिच्या वर्गात होती. हिला तो मृदुलाताई म्हणतो. हे सगळं मला आज कळतंय.

मी विचारलं, किती मोजलेत, कशानं मोजलेत, कुणी मोजलेत. तो चिडला नाही. (हेही खटकलं. खऱ्या माणसाला राग येतो.) त्यानं पुस्तक उघडून चित्र दाखवलं. घरी येऊन मी ते आमच्या पद्धतीनं उतरवून ठेवलंय, मापाच्या रेघांसकट.

डोकं : लांबी पाच मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), रुंदी तीन. समोरून अंड्यासारखं, बाजूनं चपटं. डोक्याच्या पुढच्या अर्ध्यावर टोपी. त्या टोपीत रस असतो. बाईच्या बीजाचं कवच त्या रसानं विरघळवायचं आणि आत शिरायचं. डोक्याच्या आत बापाकडून द्यायचा सगळा ऐवज गच्च दाबून भरलेला — नाक, रंग, उंची, हातापायांची ठेवण. मग बारीकशी मान. मग मधला तुकडा. त्याच्यावर रिळावरच्या दोऱ्यासारखं वेटोळं असतं, चालायची ताकद तिथून येते. आणि मागे लांब शेपूट, पंचेचाळीसेक मायक्रॉन. बीजात शिरल्यावर त्या शेपटाचं कामच संपतं.

झालं. एवढंच. केसाची जाडी याच्याहून जास्त भरते! ज्यानं कुणी हे ड्रॉइंग काढलं त्याला मानलं. एक भाग फालतू नाही.

मग मी मुद्द्यावर आलो. शेपूट गुंडाळलेले, दोन डोक्यांचे, टाचणीच्या डोक्याचे, असे वीस निघाले तरी पास कसे? तर म्हणतो, "भाऊजी, पोचायचा एकच असतो. वीस वाकडे कुणाचेही असतात. तुमचे-माझे, सगळ्यांचे."

भाऊजी! कोण याचा भाऊजी?

२३ सप्टेंबर, रविवार

दूधवाल्याला लॅक्टोमीटर लावून पकडला. पाणी घालतोच! मृदुला म्हणाली, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वजन करून घ्याल. म्हणू दे. तिचा भाबडेपणा आहे म्हणून तर दूधवाल्याचं इतके दिवस फावलं.

रिपोर्टाचं मात्र मनातून जात नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

आज सोक्षमोक्ष लावला.

आमचे लक्ष्मणराव, स्टँडर्ड रूमचे मुख्य, जेवायला कँटीनमध्ये गेले की खोली माझी एकट्याची. कोपऱ्यात जर्मन मायक्रोस्कोप आहे, पोलादाचे कण पाहायचा. पोलाद आरशासारखं घासून त्याच्याखाली ठेवायचं. नळीतून वरून लख्ख उजेड पडतो, पोलादावर आपटून उलटा डोळ्यात येतो. एका मायक्रॉनची चीर त्यात दोऱ्याएवढी दिसते. मग पाच मायक्रॉनचं डोकं दिसायला काय हरकत? पाचशेपट केलं की अडीच मिलिमीटर होतं. ज्वारीच्या कणीएवढं तरी दिसायलाच हवं. हिशेब दोनदा करून पाहिला.

सकाळी घरून निघतानाच बाटली आतल्या खिशात ठेवली होती. काचपट्टीवर थेंब घेतला. वर पातळ काच ठेवली. डोळा लावला.

पांढरं. नुसतं लखलखीत पांढरं.

फोकस वर केला, खाली केला. काचेवरचे ओरखडे दिसले. धुळीचे दोन कण दिसले. दुसरा थेंब घेतला. तेच. डोकं नाही, मान नाही, शेपूट नाही. वाकडासुद्धा नाही!

लक्ष्मणराव आले. मी काचपट्टी खिशात टाकली. त्यांनी विचारलं, काय अनंतराव, आज जेवणखाण नाही, सापडलं का काही? मी म्हणालो, नाही, काहीच नाही. खरं तेच सांगितलं.

खोलीत बारा महिने वीस अंश गारवा असतो. मला घाम फुटला होता.

८ ऑक्टोबर

म्हणजे रिपोर्ट खोटा आहे. मुळात आडातच नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर तेच डोक्यात. कामात मापाचे दोन गेज चुकीच्या खणात ठेवले. मी!

असं झालं असणार : सुरेंद्रनं पाहिलं, त्याला काही दिसलं नाही. मृदुला रिपोर्ट आणायला गेली, त्यानं ताई म्हणून तिला सांगून टाकलं. ही म्हणाली असेल, त्यांना सहन व्हायचं नाही, चांगलं लिहून दे. त्यानं लिहून दिलं. तिचं ते मोकळं हसू आता आठवतं! मी त्याला आनंद समजलो.

विचारू? विचारलं की बोलावं लागेल. बोललं की आईच्या कानावर जाईल, मग भावकीत. गप्प बसलेलं बरं.

२२ ऑक्टोबर, सोमवार

पाडवा. मृदुलाला इरकली साडी घेतली. ती म्हणाली, एवढी महागाची कशाला? जी बाई नवऱ्याची अब्रू झाकायला खोटं बोलते तिला लुगडं द्यायचं नाही तर कुणाला?

एक मात्र खरं. मूल होणार नाही हे माझ्यापुरतं नक्की झाल्यापासून जिवाला स्वस्थता आहे. महिने मोजणं नाही, डॉक्टरीणबाईंच्या तारखा नाहीत. परवा आम्ही दोघं दुर्गाटेकडीवर फिरायला गेलो. ती बडबडत होती, मी ऐकत होतो. नव्यानं लग्न झाल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

चांगले दिवस. लिहिण्यासारखं काही नाही.

२७ डिसेंबर, गुरुवार

मृदुलाला दिवस गेलेत.

डॉक्टरीणबाईंकडून आली ती दारातच रडायला लागली. आईनं तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, माझ्या तोंडात साखर घातली. आईचे शब्द : "देव हाय रं बाबा. उशीर झाला, पन हाय."

मी साखर गिळली. हसलो. हसायला किती त्रास होतो!

२८ डिसेंबर

कुणाचं?

१५ जानेवारी १९८०, मंगळवार

काल संक्रांत. संध्याकाळी सुरेंद्र तिळगूळ घेऊन घरी आला. घर कसं माहीत? मृदुला म्हणाली, बहिणीची ब्लाउजं न्यायला तो मागे दोनदा आला होता, तुम्ही शिफ्टला होतात. दोनदा! आणि मला आता सांगते.

आल्या आल्या म्हणाला, भाऊजी, पेढे पाहिजेत. सगळं माहीत आहे त्याला. निघताना मृदुलाला रक्तवाढीच्या गोळ्या देऊन गेला. आई त्याला म्हणाली, लेकरा, जेवूनच जा की.

आता सगळं जुळतं. आधी वाटलं होतं, रिपोर्ट मला वाचवायला खोटा लिहिला. छे! रिपोर्ट पुढची सोय म्हणून लिहिलाय. नवऱ्यात दोष नाही असं कागदावर आलं की पुढे काहीही होवो, कोण विचारणार? आमच्याकडे चोरीचा माल बाहेर काढणारे आधी गेटपास तयार ठेवतात, तसंच.

१६ फेब्रुवारी, शनिवार

खग्रास सूर्यग्रहण. आपल्याकडे खंडग्रास. कंपनीत निम्मी माणसं आलीच नाहीत. मीही रजा टाकली. काय म्हणून टाकली? घरात काय चालतं ते पाहायला.

आईनं दारं-खिडक्या लावून घेतल्या. मृदुलाला पाटावर बसवलं. सुरी धरायची नाही, सुई धरायची नाही, मशीनला हात लावायचा नाही. बाळाच्या अंगावर खूण उठते म्हणे. मृदुला हसत होती, पण बसली बिचारी. आई तिला सांगत होती, आमच्या घराण्याची एक खूण हायेच, पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. तुझ्या सासऱ्याची होती, अनंताची हाय, बाळाचीबी असंल.

मी माझ्या पायाकडे पाहिलं. मनात म्हटलं, बघूच!

मृदुलानं माझ्याकडे पाहिलं. आणि ती हसायची थांबली.

११ मार्च, मंगळवार

डोकं दुखतंय म्हणून अर्ध्या शिफ्टला घरी आलो. जिना पाय न वाजवता चढलो. आई देवळात गेलेली. मृदुला मशीनवर डोकं टेकून झोपली होती, हातात कुणाचीतरी बाही. दुसरं कुणी नव्हतं. कपात चहा होता. एकच कप.

काही सापडलं नाही. दुसरा कप धुऊन ठेवला असेल.

१७ एप्रिल, गुरुवार

पोट दिसायला लागलंय. बाळ हललं की ती माझा हात धरून पोटावर ठेवायची. आता ठेवत नाही. मी दोनदा काढून घेतला म्हणून असेल.

८ मे, गुरुवार

बोललो. शेवटी बोललो.

अधिक महिना लागायच्या आत डोहाळजेवण उरकायचं म्हणून आईनं आजच बायका बोलावल्या होत्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने. बायका जमायला अवकाश होता. मृदुला आतल्या खोलीत वेणी घालत होती. मला म्हणाली, एवढा गजरा माळून देता का? सुरेंद्रच्या बहिणीनं चाकणहून पाठवलाय.

ते नाव काढलं नसतं तर कदाचित बोललो नसतो. मी म्हणालो, "ज्याचं आहे त्याच्या घरी जाऊन ओटी भरून घे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. गजरा तिच्या हातातच होता. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल, पाया पडेल. मनातल्या मनात मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं एकच विचारलं, "कधीपासून वाटतंय तुम्हाला?" मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून. ती म्हणाली, "आणि तोंडात साखर घेतलीत."

मग बायका आल्या. ती बाहेर जाऊन पाटावर बसली. ओटी भरून घेतली, उखाणासुद्धा घेतला, त्यात माझं नाव. संध्याकाळी तिचा भाऊ किसन रीतीप्रमाणे न्यायला आला होता, त्याच्याबरोबर चाकणला गेली. आईला वाटतं, बाळंतपणाला गेली.

९ मे

घरात मशीनचा आवाज नाही.

१२ जून, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

सुरेंद्रला रंगेहाथ पकडायचं ठरवून लॅबमध्ये गेलो होतो. बाटली त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, माझ्यासमोर बघ, आत्ता. मला दाखव. तो गोंधळला, पण नाही म्हणाला नाही. त्यानं थेंब घेतला, काच ठेवली. मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही. दुसरी काचपट्टी सरकवेल म्हणून टेबलाखालीसुद्धा वाकून पाहिलं! मग तो उठला आणि मला खुर्ची दिली.

मी डोळा लावला. काहीतरी अंधुक वळवळलं. त्यानं हात पुढे करून खालची एक कळ फिरवली, उजेड कमी केला.

होते!

शेकड्यांनी होते. डोकं, शेपूट, अगदी ड्रॉइंगप्रमाणे. शेपटं फटकारत तिरके-तिरके पळत होते. काही एकाच जागी गरगरत होते, काही नुसते पडून. एक वाकड्या मानेचा गोल गोल फिरत होता, त्या विसांतला असणार. एक सरळ सुसाट गेला आणि नजरेच्या बाहेर निघून गेला. माझे! माझ्या बाटलीतले, माझ्या डोळ्यांदेखत ठेवलेले. जन्मात इतकं सुंदर काही पाहिलं नाही. मी हसत होतो बहुतेक.

मग मी मान वर करून त्याच्या मायक्रोस्कोपकडे पाहिलं. साधा, रंग उडालेला. काचपट्टीच्या खाली एक छोटा गोल आरसा. खिडकीतला उजेड त्या आरशावर पडत होता आणि खालून वर येत होता, थेंबातून आरपार. सुरेंद्र सहज म्हणाला की यांना रंगच नसतो, काचेसारखे असतात, उजेड जरा जास्त झाला तरी नाहीसे होतात.

खालून. आरपार.

आमचा उजेड वरून पडतो. पोलादावरून उलटतो म्हणून दिसतं. काचेवर काचेसारखी वस्तू ठेवली आणि वरून झोत मारला, तर काय दिसणार? पांढरं! नुसतं पांढरं! मापायच्या आधी हत्यार त्या कामाचं आहे का ते बघ, हे कंपनीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी शिकवतो. मी! आणि स्वतःच्या वेळी पाचशेनं गुणलं आणि उजेड कुठून येतो ते पाहिलंच नाही.

सुरेंद्रनं पाणी दिलं. विचारलं, मृदुलाताई बरी आहे ना? त्याला काहीही माहीत नाही. कधीच काही नव्हतं माहीत. मी पाणी प्यायलो आणि जिना उतरलो.

१३ जून

काय करून बसलो!

१९ जून, गुरुवार

चाकणला जाऊन आलो. एसटी कांद्याच्या गाड्यांमध्ये अडकून पडली, तेवढ्यात काय बोलायचं ते घोकत होतो. एकही वाक्य शेवटी उपयोगी पडलं नाही.

ती ओसरीवर बसून हातानं झबलं शिवत होती. मशीन आपल्याकडे राहिलीय. मला पाहून तिनं सुई थांबवली नाही. पाणी दिलं, गूळ दिला. सासूबाई आत गेल्या.

मी सगळं सांगितलं. बाटली, जर्मन मायक्रोस्कोप, पांढरा उजेड, पाडव्याची साडी, मार्चमधला जिना, सगळं. खालून उजेड आणि वरून उजेड यातला फरक तिच्या हातातलं झबलं उन्हात धरून समजावला. समजावताना मला उत्साह आला होता, हे आता लिहिताना कळतंय.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे काचेत दिसलं म्हणून मी खरी. दिसलं नसतं तर?"

मी म्हणालो, पण दिसलं ना! ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

मी माफी मागितली. तिचे हात धरायला गेलो, तिनं सुई बाजूला टोचून ठेवली आणि हात धरू दिले. काढून घेतले नाहीत, दाबलेही नाहीत. म्हणाली की इथे तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगायची लाज वाटते. पुढचं काय ते बाळ झाल्यावर बघू. बारशाला मात्र या, आईंना घेऊन या.

या म्हणाली! परतताना एसटीत उभं राहायला लागलं, तरी बरं वाटत होतं.

२९ जून, रविवार

आईनं माळ्यावरचा पाळणा काढायला लावला. कड्या तेल लावून सैल केल्या. मशीनवर धूळ बसली होती ती पुसली, पायडलला तेल दिलं. ती आली की सगळं तयार असावं.

दुधाचं लॅक्टोमीटर कपाटात ठेवून दिलं. पाणी घालतो तर घालू दे. आता कुणावर नजर ठेवायची नाही, असं ठरवलंय.

३ ऑगस्ट, रविवार

मुलगी! किसननं कंपनीत फोन केला. दोघी सुखरूप. लक्ष्मणरावांना पेढा दिला तर म्हणाले, "अनंतराव, पेढा तरी न मोजता वाटताय, बरं वाटलं."

१३ ऑगस्ट, बुधवार

उद्या बारसं. आईनं चांदीचे वाळे घेतलेत. मी स्वतःशी शपथ घेतली आहे. काही बघायचं नाही. नाक नाही, रंग नाही, पाय तर नाहीच. पोर उचलायची आणि नुसती जवळ धरायची.

१४ ऑगस्ट, गुरुवार

नाव अरुंधती ठेवलं. मृदुलानंच ठरवलं होतं. मला आमचं लग्न आठवलं. भटजींनी दोघांना अंगणात नेऊन अरुंधतीचा तारा दाखवला होता. मला तो दिसला नव्हता, पण सगळे थांबले होते म्हणून दिसला म्हणून सांगितलं. मृदुलाला दिसला होता.

बायकांचं पाळण्याचं गाणं झालं. मग मृदुलानं आपण होऊन बाळ माझ्या हातात दिलं. इतकीशी! डोळे मिटलेले. डोक्याला अजून दुधाचा वास. मी काही बघितलं नाही, शपथेवर सांगतो. नुसतं धरलं. मृदुला माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर डोहाळजेवणापूर्वीचं काहीतरी परत आलं होतं. ती आईला म्हणाली, पावसानं जरा उघडीप दिली की येते निगडीला. आईनं डोळ्याला पदर लावला.

तेवढ्यात बाळानं लाथ मारली. दुपटं सरकलं. पाय बाहेर आला.

करंगळी! शेजारच्या बोटावर चढलेली! माझी, माझ्या बापाची, हुबेहूब! आनंदानं मला काही सुचेना. मी तो पाय धरून वर केला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "हे बघ मृदुला, बघ! माझंच बोट आहे! माझीच आहे!"

बायका हसल्या. आईसुद्धा हसली, म्हणाली, मी सांगितलंच व्हतं. कुणाला काय माहीत.

मृदुला हसली नाही. पुढे झाली, बाळ माझ्या हातातून घेतलं, पाय दुपट्यात नीट झाकला. मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणजे अजून शोधत होतात."

मी शोधत नव्हतो! देवाशपथ नव्हतो. पण सापडल्यावर किती आनंद झाला ते तिनं पाहिलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज किसन टेंपो घेऊन आला. पाळणा न्यायला आला असेल असं वाटून मी तो पुढे केला. तो म्हणाला, पाळणा नको, ताईनं तिची शिवणमशीन मागितली आहे. बाकी काही नको म्हणाली. मशीनचं एक टोक मी धरलं, एक त्यानं, आणि जिन्यावरून खाली उतरवली. जड आहे.